म्हसोबाचा चौकोनी खड्डा

१

शनिवारी सकाळी धायरीच्या बागेतून म्हसोबा नाहीसा झाला. हे सगळ्यांत आधी हास्यक्लबाच्या लक्षात आलं, त्यामुळे पहिली काही मिनिटं कोण हसतंय आणि कोण बोंबलतंय हेच कळेना.

बाग तशी लहान. एका अंगाला 'सुवर्णरेखा' सोसायटी, म्हणजे बँका, वीज मंडळ, जिल्हा परिषद अशा ठिकाणी जन्म काढून निवृत्त झालेली मंडळी. दुसऱ्या अंगाला नवी 'ग्रीन मेडोज', म्हणजे खराडीच्या आयटी पार्कात तरुणपणी जाऊन संध्याकाळी म्हातारी होऊन परतणारी मंडळी. मध्ये बाग, बागेत कडुलिंब, त्याखाली चौथरा आणि चौथऱ्यावर म्हसोबा. धान्याच्या पोत्याएवढा, गोल गरगरीत, शेंदराने माखलेला, पितळेचे दोन डोळे लावलेला. इथे नुसती शेतं होती तेव्हापासूनचा.

आता चौथरा होता, डोक्यावर कडुलिंब होता, मधल्या मधे एक खड्डा होता.

"कोणी आत येऊ नका! पुरावे पुसले जातील!" रंगनाथराव पेंडसे ओरडले आणि स्वतः चार वेळा चौथऱ्याला फेरी मारून आले.

रंगनाथराव म्हणजे सुवर्णरेखाचे अध्यक्ष आणि दोन्ही सोसायट्यांच्या उद्यान समितीचेही अध्यक्ष. वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी भारनियमनात बाग अंधारात बुडाली याचा जाबही लोक त्यांनाच विचारत. माणूस प्रेमळ. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना पचत नसे. ग्रीन मेडोजला पोहण्याचा तलाव होता, आणि स्वतःला पोहता येत नसूनही त्या तलावाने त्यांची झोप उडवली होती. त्यांच्या बाल्कनीतला गुलाब बागेच्या फाटकाशेजारच्या कादरभाईच्या रोपवाटिकेतून आणलेला. पण फुलं यायची ती कादरभाईकडे राहिलेल्या त्याच्या भावंडांना. हेही त्यांनी कादरभाईच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

ग्रीन मेडोजकडे नव्हती अशी एकच गोष्ट रंगनाथरावांकडे होती. म्हसोबाचा चौथरा सुवर्णरेखाच्या बाजूला होता. उद्या, रविवारी, शहरातलं एक वारसा मंडळ येणार होतं. शेंदराचं कवच जपून काढायचं, आत जुना वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, निघतो का ते बघायचं, आणि निघाला तर निळी पाटी लावायची. पाटीवर 'सुवर्णरेखा' हे नाव कुठल्या जाडीच्या अक्षरांत असावं, हेही त्यांनी ठरवलं होतं.

आणि आज वीरही नाही, गळही नाही.

ते विचार करायला बसले. त्यांना उभ्याने विचार सुचत नसे. चालण्याच्या वाटेच्या कडेला दगडांची रांग होती. सव्वीस जानेवारीला चुन्याने रंगवलेली, आता मे महिन्यात निम्मी काळवंडलेली. कोपऱ्यावरचा गुडघाभर उंचीचा दगड बसायला बरा वाटला. तिथे बसून त्यांनी निष्कर्ष काढला, "हे एकट्या-दुकट्याचं काम नाही. एवढं धूड हलवायला चार माणसं आणि एक टेम्पो पाहिजे."

तेवढ्यात कोंडीराम आला. ही जमीन बिल्डरला द्यायच्या आधी त्याच्या घराण्याची. आता पांढरे कपडे, स्कॉर्पिओ, आणि बागेच्या फाटकावर हात जोडलेला फ्लेक्स: 'म्हसोबाचे परंपरागत मानकरी'. दर अमावस्येला देवाला शेंदूर आणि तेल चढवायचा मान याच घराचा. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली, असा तो धावत आला, चौथऱ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"द्येव ग्येला हो, पेंडसेसायेब! आमच्या आज्ज्याचा द्येव!"

"काळजी करू नका. टेम्पो शोधायचा, की चोर सापडला."

टेम्पो शोधायला लांब जावं लागलं नाही. तो फाटकाशीच उभा होता. आणि त्यात भरलेल्या शेणखतात केशरी कपच्या चमकत होत्या.

टेम्पो कादरभाईचा होता.

२

कादरभाई मूळचे भवानी पेठेतले. बाग व्हायच्या आधीपासून फाटकाशेजारी त्यांची रोपवाटिका. जागा सोसायट्यांच्या ना-हरकतीवर; म्हणजे दोन अध्यक्षांपैकी एकाची जरी हरकत निघाली, तरी कुंड्या रस्त्यावर.

ते फाटकाशी लिंबू-मिरच्या ओवत बसले होते. अमावस्या होती, ग्रीन मेडोजच्या संगणकवाल्यांच्या गाड्यांना लिंबू-मिरची सर्वांत जास्त लागे.

"पेंडसेसाहेब," ते म्हणाले, "मी देव नेऊन करू काय? कुंडीत लावू?"

"मग हा शेंदूर तुमच्या टेम्पोत कसा?"

"सकाळी ढिगातनं खत भरलं. ढिगात काय आलं ते ढिगाला विचारा. ढीग उघड्यावर असतो, कुलूप लावलेलं नाही."

"उडवाउडवीची उत्तरं!" रंगनाथराव जमलेल्या गर्दीला म्हणाले. गर्दीतून एक नको असलेला आवाज उठला, मग दुसरा. 'त्यालाच कसं बागेशेजारी...' असं काहीतरी. कादरभाईंच्या हातातला दोरा थांबला.

"पाच वाजेपर्यंत देव मिळाला नाही," रंगनाथरावांनी जाहीर केलं, "तर मी पोलिसांत तक्रार देतो आणि ना-हरकत मागे घेतो."

"म्हणजे पाचला माझं दुकान उठलं," कादरभाई म्हणाले. "बरं झालं, वेळ सांगितलीत. झाडांना तेवढं पाणी घालून ठेवतो."

तेव्हा गर्दीच्या मागून एक शांत आवाज आला.

"पेंडसेसाहेब, तो खड्डा कोणी पाहिला का?"

रंगनाथरावांनी तो न वळताच ओळखला. मथुराबाई ढमढेरे, तिसरा मजला, रेशनिंग इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त. पाण्याच्या टाकीतली गळती, लिफ्टमधला वास, वर्गणीतला घोळ, सगळं त्यांनी शोधलेलं. खुर्ची रंगनाथरावांची आणि शोध मथुराबाईंचे, अशी ही सोसायटी चालत असे. त्यात घरी पत्नी कौशल्याबाई रोज म्हणत, "मथुराबाईंना विचारा ना."

"खड्डा आम्ही पाहिलाय," रंगनाथराव म्हणाले. "खड्ड्यात काय बघायचं? काही नसतं म्हणून तर खड्डा."

"देव गोल होता," मथुराबाई म्हणाल्या. "खड्डा चौकोनी आहे. आणि माझ्या पर्सपेक्षा रुंद नाही." त्यांनी पर्स आत ठेवून दाखवली. ती अडकली.

"माती ढासळली असेल."

"ढासळून खड्डा मोठा होतो. लहान होत नाही."

गर्दी हसली. हास्यक्लबाला सकाळपासून हवा होता तो विनोद अखेर मिळाला. रंगनाथराव ताडताड घराकडे निघाले. जिन्यावर मथुराबाई त्यांच्या मागे होत्या, आणि सवयीप्रमाणे बघत होत्या.

दारात कौशल्याबाई म्हणाल्या, "अहो, ती पॅन्ट बदला. मागे काय लावून आलात?"

"मी गुन्हा शोधतोय, कौशल्या. पॅन्ट नाही."

"मथुराबाई आहेत का बरोबर?"

"त्या त्यांचा शोधतायत, मी माझा शोधतोय!" असं म्हणून, पॅन्ट न बदलता, पोहे खाऊन ते पुन्हा बाहेर पडले. मथुराबाई खाली त्यांची वाटच पाहत होत्या.

"चला, दोघे मिळून विचारू लोकांना. तुम्ही विचारा, मी ऐकते."

ही वाटणी मानाची वाटल्यामुळे ते तयार झाले.

पहिला संशयित ग्रीन मेडोजचा अध्यक्ष अभिनव. अमरावतीचा, वय तिशीच्या आत, डोळ्यांखाली अमेरिकेची रात्र. चौथऱ्याच्या जागी त्याला बॅडमिंटन कोर्ट हवं होतं, हे सर्वश्रुत.

"मी काऊन नेतो, काका? आमच्या अमरावतीले गल्लीगल्लीत मारुती आहे. न्यायचाच असता तर ओळखीचा नेला असता. आणि काल लाइट गेले तेव्हा मी हडपसरले ट्रॅफिकमध्ये होतो. कॅबमधले सहाही जण सांगतील."

"पण तुम्हाला देव नको होता."

अभिनव जरा ओशाळला. "नको होता, मग हवा झाला. तुमची पाटी लागणार म्हटल्यावर... मी त्या मंडळाले मेल टाकला होता. पाटीवर ग्रीन मेडोजचं नाव पहिले टाका म्हणून. ॲक्चुअली, अल्फाबेटिकली आमचं पहिलेच येते."

रंगनाथराव पांढरे पडले. देव चोरणं त्यांना समजू शकत होतं. हे नाही.

"म्हणजे याला उद्या देव जागेवर हवा होता," मथुराबाई म्हणाल्या. "पुढे चला."

पुढे मुक्ताई. कोंडीरामच्या चुलत घरातली म्हातारी सून, आता विधवा. बागेमागे तिचं एकखोली घर आणि मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे. दोन्ही घरांत तीन पिढ्यांचं वैर, लग्नाच्या पत्रिकासुद्धा पोस्टाने. पण मुक्ताई रोज सकाळी म्हसोबाला हात जोडायची, न चुकता.

"कोणी नेला असेल, मुक्ताई?" रंगनाथरावांनी विचारलं.

म्हातारी कोथिंबिरीची जुडी बांधत हसली. तिला तीन दात होते आणि तिन्ही हसले.

"द्येव कुटं जातूय, सायेब? जानाऱ्यालाच जायची घाई." मग बागेकडे हनुवटी उडवून म्हणाली, "आज आमुशा हाय. आन् सकाळधरनं शेंदराचा वास न्हाई. हे नवालच म्हनायचं."

"देवच नाही, तर शेंदूर कोणाला लावणार?" रंगनाथराव म्हणाले. म्हातारपणी बुद्धी अशी जाते, हे त्यांनी मनात नोंदवलं.

मथुराबाई मात्र चालता चालता थांबल्या.

३

दुपारी त्या रंगनाथरावांना खताच्या ढिगापाशी घेऊन गेल्या. कादरभाईंनी न बोलता फावडं दिलं. ढिगात आणखी तुकडे निघाले; काही तळहाताएवढे, काही ताटाएवढे. शेंदूर आणि तेल, शेंदूर आणि तेल, कांद्यासारखे पापुद्रे.

"बघा, सगळा देव यांच्याच ढिगात!" रंगनाथराव म्हणाले.

"देव नाही. देवाचा अंगरखा." मथुराबाईंनी एक जाड तुकडा हातात तोलला. "हा बघा, वितीएवढा जाड. पोत्याच्या तोंडाशी साखर दिसली म्हणून खालपर्यंत साखर असं मी मानलं असतं, तर मला पेन्शन मिळालं नसतं. दर अमावस्येला एक थर, असं पिढ्यान्‌पिढ्या. देव फुगत गेला. आतला दगड किती, ते त्या खड्ड्याने सांगितलं. पर्सएवढा रुंद, गुडघाभर उंच. पहार असेल तर एक धट्टाकट्टा माणूस पुरे. चार माणसं नकोत आणि टेम्पोही नको."

कादरभाईंनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली.

रंगनाथरावांचा सगळा तपास त्या टेम्पोवर उभा होता. "एक माणूस तर एक माणूस," ते म्हणाले. "हेही एकच आहेत."

"पितळेचे डोळे कुठायत?"

"काय?"

"ढिगात सगळं अंग आहे. डोळे नाहीत. पितळ म्हणून नेले म्हणाल, तर किलोला काय येणार? ज्याने हे फोडलं, त्याला देवाचे डोळे शेणात टाकवले नाहीत."

मग त्यांनी देवाच्या माथ्यावरचा तुकडा उलटा केला. आतली बाजू तव्यासारखी सपाट होती, चौकोनी. आणि तिच्यावर, बोटाने चाचपता येईल अशी, एक फुली वर उठलेली होती.

"कारागिराची खूण," रंगनाथराव लगेच म्हणाले.

"असेल. म्हणजे दगडाच्या माथ्यावर हीच फुली खोल कोरलेली असणार." मथुराबाईंनी तुकडा खाली ठेवला आणि चष्मा पुसला. त्या चष्मा पुसू लागल्या की रंगनाथरावांना घाम फुटत असे. "पेंडसेसाहेब, रागावू नका. चोरीला गेलेला दगड मी सकाळी पाहिलाय. म्हणजे दगड नाही, त्याचा ठसा पाहिलाय. जिन्यावर."

"जिन्यावर?"

"तुमच्या मागे मी होते. तुमच्या काळ्या पॅन्टवर चुन्याचा पांढरा चौकोन आहे, आणि चौकोनाच्या मधोमध एक काळी फुली. तुम्ही सकाळी बसला कुठे होतात?"

४

पाच वाजायला आले तेव्हा कडुलिंबाखाली सगळे जमले होते. रंगनाथरावांच्या खिशात टाइप केलेली तक्रार होती. कोंडीराम स्कॉर्पिओला टेकून उभा होता. कादरभाई झाडांना पाणी घालून आले होते. मुक्ताईने घरून गोणपाट आणून पुढची जागा धरली होती.

"पेंडसेसाहेब," मथुराबाई म्हणाल्या, "जरा लोकांकडे पाठ करून उभे राहा."

अध्यक्षपदाच्या कारकिर्दीत रंगनाथरावांनी पुष्कळ सभांना तोंड दिलं होतं. उलट बाजू देण्याची ही पहिलीच वेळ. ते वळले. आणि कितीही नाही म्हटलं तरी, सगळ्या तपासात निर्णायक पुरावा शेवटी आपल्याकडेच निघाला, या विचाराने त्यांना थोडं बरं वाटलं.

"कडेच्या दगडांचा चुना जानेवारीतला. हात लावला तर हाताला येत नाही. मग एकाच दगडाचा चुना ओला कसा? कारण तो दगड रांगेत कालच आला." त्या कोपऱ्यावरच्या दगडापाशी गेल्या आणि पदराने माथा पुसला. फुली स्वच्छ दिसली. "भारनियमनात बाग अंधारात होती. एकाने पहारीने कवच फोडलं, दगड उपटला, कवच शेजारच्या खतात लोटलं. माळीखोलीमागे चुन्याचा डबा असतोच. दोन हात मारले आणि देवाला कडेच्या दगडांत उभा केला. लांब नेला नाही. न्यावासा वाटला नाही."

"पण कोणी?" अभिनव म्हणाला.

"आज अमावस्या. दर अमावस्येला एक माणूस सकाळी शेंदराचं भांडं आणि तेलाची बाटली घेऊन येतो. पेंडसेसाहेब, आज चोरीची बातमी ऐकून जे धावत आले, त्यांच्या हातात काय काय होतं?"

पाठमोऱ्या रंगनाथरावांना सकाळ जशीच्या तशी दिसली. "मोबाईल," ते सावकाश म्हणाले, "आणि गाडीची किल्ली."

"ज्याला देव गेल्याचं बागेत आल्यावर कळतं, तो शेंदूर घेऊन येतो आणि मग रडतो. लावायला देवच नाही, हे ज्याला घरीच माहीत असतं, तो नुसता रुमाल घेऊन येतो."

कोंडीरामने खिशात हात घातला आणि मूठ उघडली. पितळेचे दोन डोळे सगळ्यांकडे टकाटका बघू लागले.

"म्या वाईट केलं न्हाई," तो म्हणाला. त्याचा आवाज फ्लेक्सवरच्या माणसाचा राहिला नव्हता. "उद्या तुमची लोकं खरवडनार व्हती. आत वीर-बीर काय न्हाई. बापानं मरताना सांगितलं व्हतं. त्यो हद्दीचा दगूड हाय. मोजणीवाल्यांचा, फुलीवाला. आमच्या आन् चुलत्याच्या शिवंवरचा. आमच्या आज्ज्यानं एका राती उपटून चार वाफं आत, चुलत्याच्या रानात रवला. सकाळी कुनी परत सरकवू नाय म्हून शेंदूर फासला. द्येव कोन हलवतंय? पुढं सगळी जिमीन बिल्डरला ग्येली, वाफं ग्येलं, हितं बाग झाली. पन उद्या भावकीम्होरं फुली उघडी पडली आसती, तर मानकरी म्हनून उभं ऱ्हायला जागा ऱ्हायली नसती."

"आणि माझं दुकान उठलं असतं तर?" कादरभाईंनी विचारलं.

कोंडीरामने मान खाली घातली. "तुमचं नाव म्या घ्येतलं न्हाई."

"नाकारलंही नाही."

तो पुढे झाला आणि कादरभाईंसमोर हात जोडले. फ्लेक्सवर जोडले होते त्यापेक्षा हे हात जरा खाली होते.

रंगनाथरावांनी खिशातली तक्रार काढली. काय करावं ते न कळून ती तशीच धरून उभे राहिले. सकाळी त्यांना टेम्पो दिसला होता आणि कादरभाईंचे गुलाब दिसले होते. त्यातलं नक्की कशावरून तक्रार टाइप झाली, हे त्यांनी स्वतःला विचारायचं टाळलं. "कादरभाई," ते पुटपुटले, "माझं चुकलं."

"द्या तो कागद," कादरभाई म्हणाले. "जाड दिसतोय. रोपाच्या मुळाला गुंडाळायला होईल."

आता सगळ्यांच्या नजरा मुक्ताईकडे वळल्या. चार वाफे तिच्या घराचे गेले होते. अभिनवने हळूच विचारलं, "आजी, तुमच्या सासरची जमीन ढापली यांनी. आणि तुम्ही रोज त्याच दगडाले हात जोडत होत्या?"

"मग?" मुक्ताई म्हणाली. "म्हाईत व्हतं की आमाला. सासूनं मला लगीन झाल्या-झाल्या सांगितलं. तिला तिच्या सासूनं."

कोंडीरामचं तोंड उघडंच राहिलं.

"भांडाया गेलो आसतो तर कोर्टात चपला झिजल्या आसत्या. माजी आज्जेसासू लई भांडखोर बाई. ती म्हनली, द्येव म्हनतूय ना त्यो? मग आपुन बी द्येवच म्हनू. मोठ्यांदा म्हनू. सगळ्या गावाला पाया पडाया लावू. म्हंजी त्याला शेंदूर चुकायचा न्हाई. पाऊस आसू दे, लगीन आसू दे, मयत आसू दे, आमुशा आली की उठ, भांडं घे, चोरीच्या दगडाला तेल घाल. बापानं घातलं, लेकानं घातलं, नातवानं घातलं." तिने कोंडीरामकडे पाहिलं, जवळजवळ मायेनं. "चार वाफ्यात किती मेथी आली आसती, बाबा? पन हे बघायला रोज सकाळी बरं वाटायचं."

कुठूनतरी हास्यक्लबातला एकजण हसला आणि लगेच खोकला.

"मग आता, मुक्ताई?" मथुराबाईंनी विचारलं. "दगड कुठे लावायचा?"

"व्हता तितंच," मुक्ताई गोणपाट झटकत उठली. "आन् शेंदूर त्यालाच लावू द्या. मानकरी हाय त्यो."

५

रविवारी वारसा मंडळ आलं. वीरगळ नाही म्हटल्यावर चहा पिऊन गेलं. निळी पाटी कोणालाच मिळाली नाही, त्यामुळे दोन्ही सोसायट्या समाधानी होत्या. कौशल्याबाईंनी पॅन्ट तीनदा धुतली. चुना गेला, पण तेवढं कापड फिकं पडलं आणि मधली फुली राहिली. "मथुराबाईंना विचारा ना, डाग कसा काढायचा ते," त्या म्हणाल्या, आणि रंगनाथराव त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या अमावस्येला ते फिरायला निघाले तेव्हा कोंडीराम चौथऱ्यावर उकिडवा बसून, अस्तन्या सारून, काळ्या चौकोनी दगडाला पहिला थर देत होता. मुक्ताई कादरभाईंच्या बाकावर बसली होती. कादरभाईंनी तिला चहा दिला होता आणि स्वतःचा कपही घेऊन शेजारी बसले होते.

"मागच्या अंगाला राह्यलं, कोंडीराम," मुक्ताई चहा फुंकत म्हणाली. "कानाच्या मागं."

"दगडाला कान कुठं हाय, चुलती?"

"द्येवाला अस्तूय. लाव."

कोंडीरामने लावला.

रंगनाथराव थांबून बघत राहिले. जन्मभर त्यांनी तलावांचा, गुलाबांचा, लिफ्टांचा, मथुराबाईंचा हेवा केला होता, आणि रात्र रात्र जागून त्यातून पित्तापलीकडे काही पदरात पडलं नव्हतं. इथे तीन दातांची ही म्हातारी, दुसऱ्याने उकळलेला चहा पीत, तीन पिढ्यांचा हेवा सकाळच्या उन्हात शेकत बसली होती, आणि तिला रात्री झोपही लागत असणार.

त्यांना तिचा फार हेवा वाटला.